तीस गुणांची परीक्षा कशाची?

अल्झायमरच्या विकाराची शंका आली की दहा मिनिटांत उरकणारी एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. अमेरिकेतील मार्शल फोलस्टाइन व सहकाऱ्यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. २४ पेक्षा कमी पडले की पुढील तपासणी करावी, असा सर्वसाधारण संकेत. गुण देण्याघेण्याचा व्यवहार शिक्षकांच्या परिचयाचा, म्हणून ही प्रश्नपत्रिकाच आपण तपासून पाहू.

शंभरातून सात-सात वजा करत जाण्याला ५ गुण आहेत. लिहिलेली सूचना वाचून तसे करणे १, मनाने वाक्य लिहिणे १, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणे १. हे ८ गुण पाटी-पेन्सिलीचे. आता गोंदिया जिल्ह्यातील सौंदडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या एखाद्या आजीबाई डोळ्यांसमोर आणा. बाकी सारे अचूक सांगूनही त्यांना २२ गुण! धानाच्या रोवणीला किती बाया होत्या, कोणाची मजुरी द्यायची राहिली, हे त्या बिनचूक सांगतील. पण ते कोणी विचारत नाही. जिल्हा विचारला तर कदाचित 'भंडारा' म्हणतील. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीचे त्यांचे सारे आयुष्य भंडारा जिल्ह्यात गेले. ही विस्मृती म्हणायची की सवय? तारखेऐवजी तिथी सांगितली तर गुण द्यायचा की कापायचा? आपण कितव्या मजल्यावर आहोत, हा प्रश्न कौलारू घराच्या ओसरीवर विचारणाऱ्याबद्दल तर न बोललेलेच बरे.

उलट बाजू आम्हांला अधिक काळजीची वाटते. अल्झायमरमध्ये बहुधा आरंभीच मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाची हानी होते आणि नव्या घटना मनात साठेनाशा होतात. तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने आठवणे, ही त्याची खरी कसोटी. तिला गुण अवघे ३! निवृत्त मुख्याध्यापक तिन्ही शब्द विसरले तरी २७ गुणांनी उत्तीर्ण होतील, आणि घरचे निश्चिंत होतील.

हिंदीत हा दोष काढण्याचा चांगला प्रयत्न झाला. हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी केलेली आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे असते. सूचना वाचण्याऐवजी परीक्षकाची नक्कल करायची असते. नुसत्या भाषांतराने हे साधले नसते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा संच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत सिद्ध केला. त्यांत मराठी नव्हती, हे खटकते.

तोवर हाती असलेली प्रश्नावली फेकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. पण आजीबाईंचे गुण परक्या संकेताशी न ताडता त्यांच्याच वर्षापूर्वीच्या गुणांशी ताडावेत. वर्षभरात काय बदलले, हे सुनेलाही विचारावे. गुण घटलेले दिसले, तर ऐकू कमी येते का, मन खिन्न आहे का, थायरॉइडचा दोष किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आहे का, हे आधी पाहावे. यांमुळेही गुण कमी पडतात, आणि यांवर उपाय आहेत.