दिव्यांना ‘खाली’ कळते का?

गणेशोत्सवात पेणला मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका मंडपासमोर उभा होतो. आरास दिव्यांची होती. शेकडो एलईडींच्या फलकावर वर्तुळे, त्रिकोण, चांदण्या उमटत होत्या आणि गाण्याबरोबर लहानमोठ्या होत होत्या. लोक खूश होते, मीही होतो. एवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवीत गेला. चांदण्या त्याच्यावरही तितक्याच आनंदाने नाचल्या!

असे का व्हावे? फलकाचा मायक्रोफोन ध्वनीचे विद्युत संदेशात रूपांतर करतो, त्याची तीव्रता मोजली जाते आणि त्यानुसार आकृती फुगते किंवा आक्रसते. आवाज केवढा, इतकेच फलकाला कळते. आता केरवा घ्या. मात्रा आठ, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. खालीला डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ऐकणाऱ्याला पुढच्या समेची चाहूल लागते. फलकाच्या लेखी मात्र तेथे आवाज थोडा कमी झाला, एवढेच.

या आराशीशेजारी नॉर्मन मॅक्लारेन यांचा ‘सिंक्रोमी’ (१९७१) हा कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा लघुपट ठेवून पाहावा. त्यात वाद्य नाही. फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवर मॅक्लारेन यांनी पट्ट्यांची चित्रे छापली. त्यांतून जाणारा प्रकाश कमीजास्त होऊन आवाज निर्माण होतो. सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एका चौकटीत १८ पट्ट्या असतील तर कंपने १८ × २४ = ४३२; ३६ पट्ट्या असतील तर ८६४, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. याच पट्ट्या रंगवून त्यांनी पडद्यावर दाखविल्या. जे दिसते तेच ऐकू येते. रंग तेवढे त्यांच्या आवडीचे. ते ध्वनीतून आलेले नाहीत. स्वराची उंची इतक्या प्रामाणिकपणे दाखविणारे दुसरे चित्र मला ठाऊक नाही. तरीही सम-खालीसारखे आवर्तन त्यात शोधू नये.

याच्या उलट उदाहरण मुंबईचे. चित्रकार अकबर पदमसी यांनी राम मोहन यांच्या साहाय्याने १९७० मध्ये रेषा-बिंदूंच्या भौमितिक आकृत्यांचा ‘सिझिजी’ केला. तो मूकपट आहे. तरी आकृत्यांच्या बदलण्यात क्रम आहे, म्हणून डोळ्यांना लय जाणवते. लय आवाजाच्या जोरात नसते, मोजणीत असते, हे त्यावरून पटते.

रोह्याच्या एका शिक्षकमित्राबरोबर मी हा प्रयोग करून पाहिला. केरवा मिनिटाला १२० मात्रांचा धरला, तर आवर्तन चार सेकंदांचे. सेकंदाला १२ चित्रे, म्हणजे एकूण ४८. नियमित अष्टकोन दर चित्रात साडेसात अंश फिरवावा. मात्रेला ४५ अंश, आवर्तनाला पूर्ण फेरी. एका कोनावर ठिपका द्यावा; तो माथ्यावर आला की सम. पाचव्या मात्रेपासून भरीव अष्टकोन पोकळ करावा. कोनमापक, कागद आणि फोनचा कॅमेरा एवढे साहित्य पुरते.

मग आवाज बंद ठेवून चित्रे सलग दाखवावीत आणि विद्यार्थ्यांना खाली हाताने दाखवायला सांगावे. हात योग्य जागी गेले तर चित्रात ताल उतरला. मंडपातल्या फलकालाही हीच परीक्षा लावावी.