चांद्याचा १८५८ चा उठाव आणि समाजवादी इतिहासमीमांसा

१८५७ च्या उठावाविषयीं समाजवादी लेखकांचें एकमत नाहीं, हें आधींच सांगितलें पाहिजे. खुद्द मार्क्स यानें त्याच सालीं 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' पत्रांतील लेखांत हा राष्ट्रीय उठाव आहे असा अभिप्राय दिला. पुढें मानवेंद्रनाथ रॉय यांनीं 'इंडिया इन ट्रान्झिशन' (१९२२) व रजनी पाम दत्त यांनीं 'इंडिया टुडे' (१९४०) या ग्रंथांत त्यास मुख्यतः मावळत्या सरंजामशाहीची धडपड ठरविलें. १९५७ सालीं शताब्दीनिमित्त पूरणचंद जोशी यांनीं संपादिलेल्या लेखसंग्रहानें सामान्य प्रजेच्या सहभागाकडे पुन्हा लक्ष वेधलें. या मतांची परीक्षा दिल्ली-लखनौच्या कागदांवर पुष्कळ झाली आहे. आम्हीं ती येथें चांदा प्रांतापुरती करूं इच्छितों.

नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्यें चांदा इंग्रजी अमलाखालीं आला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं मार्च १८५८ मध्यें गोंड व रोहिले जमवून राजगड परगणा ताब्यांत घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेकांठीं तारखात्याचे गार्टलंड व हॉल मारले गेले. त्यानंतर डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यानें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांचें साहाय्य मिळविलें. बाबूराव धरले गेले व २१ आक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांसावर चढले. व्यंकटराव बस्तरांत निसटले. १८६० मध्यें पकडले जाऊन त्यांस जन्मठेप झाली. त्यांची जप्त जमीनदारी लक्ष्मीबाईंस मिळाली.

आतां या प्रकरणास सरंजामी प्रतिक्रियेचें सूत्र लावून पाहावें. बंड करणारा जमीनदार, त्यास पकडून देणारीही जमीनदारीण! एकच वर्ग दोन्हीं पक्षांत असतां वर्गाच्या नांवानें कांहींच उलगडत नाहीं. केवळ राष्ट्रीयत्वाचें सूत्र लावलें तर अहेरीचें वर्तन फितुरी म्हणून बाजूस सारावें लागतें; त्याची कारणमीमांसा होत नाहीं.

तथापि समाजवादी पद्धतीनें विचारलेला मूळ प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो. सारा कोण देत होता, शस्त्र कोणीं उचललें, आणि जप्त जमीन अखेर कोणाच्या पदरीं पडली? यांपैकीं तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वर आलेंच आहे. पहिल्या दोहोंचें उत्तर सिद्धान्तांतून निघणार नाहीं. त्यास कागदच पाहिजेत. आणि येथील वृत्तान्ताचा मुख्य आधार म्हणजे लूसी स्मिथचा १८६९ चा जमाबंदी अहवाल व १९०९ चें गॅझेटियर, अर्थात् जेत्यांचीच लेखणी. तिनें सांगितलेली हकीकत जशीच्या तशी घेऊन केवळ 'बंडखोर' शब्दाच्या जागीं 'क्रांतिकारक' किंवा 'सरंजामी' शब्द घालणें यास संशोधन म्हणतां येत नाहीं.

जमीनदारी १९५१ सालीं संपली आणि तिच्या दप्तराची व्यावहारिक गरजही सरली. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, वसुलीचे हिशेब, वांटणीचे तंटे, वेठीच्या यादी असे मोडी कागद क्षुल्लक समजून टाकूं नयेत, आणि गोंडी मौखिक परंपराही स्थळ-काळासह टिपून ठेवावी. बाबूरावांचें टपाल-तिकीट २००९ मध्यें निघालें, हें योग्यच झालें; परंतु त्यांच्यामागें जे गेले त्यांची गांवें व नांवें जुळवीपर्यंत हा उठाव कोणाचा होता, या प्रश्नाचा निकाल लागला असें आम्हांस म्हणवत नाहीं.