शिष्यवृत्ति कीं विद्येचा रोखा?
(अमेरिकेंतील हस्तांतरणीय शिष्यवृत्त्यांचें परीक्षण)

जुना कागद हातीं आला असतां त्याच्या मथळ्यावर विसंबूं नये. आधीं शर्ती वाचाव्या, मथळा मागून वाचावा, हा आमच्या संग्राहक मित्रांचा नित्याचा पाठ आहे. इनामपत्र म्हणून जपलेला कागद पुष्कळदां गहाणखत निघतो, आणि दानपत्राच्या पोटांत विक्रीचा व्यवहार दडलेला सांपडतो. हाच नियम परदेशीय कागदांस लावून पाहावा, या हेतूनें आम्ही अमेरिकेंतील एका विशिष्ट प्रकारच्या प्रमाणपत्राचें परीक्षण येथें योजिलें आहे. इ. स. १८५० च्या सुमारास तेथील अनेक लहान महाविद्यालयांनीं द्रव्य उभारण्यासाठीं ‘स्कॉलरशिप’ या नांवाचीं प्रमाणपत्रें विकलीं. आपण त्या शब्दाचें भाषांतर ‘शिष्यवृत्ति’ असें करितों, आणि वाचकाची पहिली दिशाभूल तेथेंच होते.

वृत्ति म्हणजे उपजीविकेचें साधन. शिष्याची उपजीविका चालावी म्हणून दात्यानें जें ठेविलें, ती शिष्यवृत्ति. या अर्थाची शिष्यवृत्ति अमेरिकेंतही जुनीच आहे. १६४३ सालीं लेडी मोल्सन या इंग्रज बाईनें हार्वर्ड महाविद्यालयास १०० पौंड दिले, ते गरीब विद्यार्थ्याच्या साह्यासाठींच. त्या व्यवहारांत दाता देतो, संस्था मुद्दल राखते, आणि व्याज विद्यार्थ्याच्या हातीं पडतें. आमच्या प्रस्तुत कागदांत यांपैकीं कांहींच नाहीं. येथें विद्यार्थ्यास कांहीं मिळत नाहीं. विकत घेणाऱ्यास मात्र एक हक्क मिळतो. अमुक वर्षेंपर्यंत, किंवा निरंतर, एका विद्यार्थ्यास शुल्कावांचून शिकविण्याचें संस्थेवर बंधन, हा तो हक्क. विद्यार्थी हुशार असावा, गरीब असावा, किंवा घेणाऱ्याचा पुत्रच असावा, अशी अट त्याच्या मुळाशीं नाहीं.

दोन संस्थांचे भाव पाहिले म्हणजे या व्यवहाराचें स्वरूप उघड होतें. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील कार्लाइल येथील डिकिन्सन महाविद्यालयास १७८३ मध्यें सनद मिळाली होती. त्यानें १८५० नंतरच्या दशकांत २५ डॉलरांस ४ वर्षांची, ५० डॉलरांस १० वर्षांची व १०० डॉलरांस २५ वर्षांची शिकवणी विकली. म्हणजे वर्षाची शिकवणी अनुक्रमें सव्वासहा, पांच व चार डॉलरांस पडली. ओहायो संस्थानांतील ओबर्लिन महाविद्यालय १८३३ मध्यें स्थापन झालेलें. त्यानें याच सुमारास एक लक्ष डॉलरांचा स्थायी निधि उभारण्याचें ठरवून २५ डॉलरांस ६ वर्षें, ५० डॉलरांस १८ वर्षें आणि १०० डॉलरांस निरंतर, असा भाव ठेविला. घाऊक माल स्वस्त, किरकोळ माल महाग, हा वाण्याचा नियम येथें विद्येस लावलेला दिसतो.

हा मार्ग या संस्थांनीं हौसेनें धरला नव्हता, हें प्रथम सांगणें न्यायाचें आहे. पूर्वीं हार्वर्डसारखी संस्थाही सोडती काढून इमारतीसाठीं पैसा उभारीत असे. न्यूयॉर्क संस्थानांतील युनियन महाविद्यालयास तर १८१४ च्या कायद्यानें सोडतीचें उत्पन्न नेमून दिलें होतें. १८३३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स, पेन्सिल्व्हेनिया वगैरे संस्थानांनीं सोडतीच बंद केल्या, व तें द्वार मिटलें. मोठ्या दात्यांवर भिस्त ठेवावी, तर ओबर्लिनचाच अनुभव विपरीत होता. न्यूयॉर्कचा व्यापारी आर्थर टॅपन यानें त्या संस्थेस उदार वचनें दिलीं होतीं. परंतु १८३७ च्या आर्थिक कोसळीनें तोच बुडाला, आणि त्याच्या वचनांवर काढलेलें कर्ज संस्थेच्या गळ्यांत राहिलें. १८३९-४० मध्यें संस्थेच्या दोन प्रतिनिधींनीं इंग्लंडांत जाऊन सुमारें तीस हजार डॉलर मिळविले, तेव्हां कोठें संस्था तरली. एका धनिकाच्या दारीं जाण्यापेक्षां हजार शेतकऱ्यांच्या दारीं जावें, व त्यांस भिक्षा न मागतां कांहीं मोबदला द्यावा, असा विचार यानंतर सुचला तर नवल नाहीं.

आतां मूळ हिशेब तपासूं. निधि स्थायी राखावयाचा म्हणजे मुद्दलास हात लावावयाचा नाहीं. शिकवणीचा खर्च व्याजांतूनच निघाला पाहिजे. दरसाल दरशेंकडा ६ असें व्याज धरलें तर २५ डॉलरांचें वर्षाचें व्याज दीड डॉलर, आणि १०० डॉलरांचें ६ डॉलर. एक लक्ष डॉलरांचा निधि सगळा शंभराच्या प्रमाणपत्रांनीं भरला असें मानिलें, तर एक हजार विद्यार्थ्यांस अखंड शिकविण्याचें बंधन येतें, आणि त्यासाठीं वर्षास सहा हजार डॉलर हातीं येतात. तोच निधि पंचविसाच्या प्रमाणपत्रांनीं भरला तर चार हजार विद्यार्थी प्रत्येकीं सहा वर्षें शिकण्यास येऊं शकतात, व उत्पन्न तेवढेंच राहतें. मग योजना करणारांस हें साधें त्रैराशिक कळलें नाहीं काय?

बहुतेक टीकाकार येथें थांबतात व या योजनेस मूर्खपणाचें उदाहरण म्हणून सोडून देतात. आमचें मत निराळें आहे. हिशेबांत एक अनुक्त गृहीत होतें, आणि त्या गृहीतावर तो बरोबर होता. प्रमाणपत्र घेणारा प्रत्येक मनुष्य मुलगा पाठवीलच असें नाहीं. कोणी धर्मकार्य म्हणून घेईल, कोणाचा मुलगा शेतावर राहील, कोणास मुलगाच नसेल. शंभर प्रमाणपत्रांपैकीं वीसच एका वेळीं वापरांत आलीं, तर एका विद्यार्थ्यामागें शंभर प्रमाणपत्रांच्या व्याजाचा विसावा हिस्सा, म्हणजे पांचपट उत्पन्न येतें. शिवाय मुदतीचें प्रमाणपत्र संपलें कीं मुद्दल संस्थेकडे मोकळें राहतें. निजलेल्या हक्कांच्या जोरावर जागे हक्क पोसावयाचे, अशी ही रचना होती, आणि तिच्यांत असंभवनीय असें कांहीं नव्हतें.

ती फसली ती एका शब्दामुळें. प्रमाणपत्र हस्तांतरणीय होतें. हा शब्द नसता तर तें खपलें नसतें. ज्यास मुलगा नाहीं त्यानें तें कशासाठीं घ्यावें? विक्री करणाऱ्या गुमास्त्यास हाच शब्द सर्वांत उपयोगी पडला. परंतु ज्या शब्दानें प्रमाणपत्र विकलें गेलें, त्याच शब्दानें निजलेले हक्क जागे केले. ज्याच्या घरीं विद्यार्थी नव्हता त्यानें आपलें प्रमाणपत्र दुसऱ्यास विकलें किंवा वर्षाच्या भाड्यानें दिलें. नव्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या कचेरींत पूर्ण शुल्क भरण्यापेक्षां बाहेरून भाड्याचें प्रमाणपत्र घेणें स्वस्त पडूं लागलें. आपल्याकडील सावकारी भाषेंत सांगावयाचें तर नामजोग हुंडी म्हणून हिशेब केला, आणि हातीं दिली ती धनीजोग. संस्थेचीच शिकवणी संस्थेच्या दारांत संस्थेपेक्षां कमी भावानें विकली जाऊं लागली. जो विद्यार्थी एरव्हीं शुल्क देऊन आला असता, तोही या मार्गानें आला. म्हणजे नवें उत्पन्न मर्यादित राहिलें आणि जुनें आटलें.

येथें तुलनेसाठीं आपल्या घरचा एक लेख आठवतो. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकीं १० व्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील लेख आहे. त्यांत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविल्याचें सांगितलें आहे. पैकीं २,००० दरमहा शेंकडा १ या व्याजानें व १,००० दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याज भोगावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं नेमले आहेत. वाचकांनीं गणित करून पाहावें. दोन हजारांचें दरमहा व्याज २०, वर्षाचें २४०. आणि वीस भिक्षूंस बारा-बारा म्हणजेही २४०. भोगणारांची संख्या व्याजानें बांधलेली आहे, आणि लाभ त्या लेण्यांत राहणाऱ्यासच आहे. तो बाजारांत नेऊन विकतां येत नाहीं. ‘अक्षय’ हा शब्द ज्यानें लिहिला त्यानें तो गणितानें सिद्धही केला. ओबर्लिनच्या ‘निरंतर’ या शब्दास असा आधार नव्हता.

परिणाम लौकरच दिसला. ओबर्लिन येथें १८५१ सालीं साडेपांचशेंच्या आसपास असलेली विद्यार्थ्यांची संख्या पुढील वर्षीं हजाराच्या घरांत गेली. त्यांत पूर्वतयारीच्या वर्गांतील विद्यार्थी पुष्कळ होते. वर्ग भरले, परंतु भरलेल्या वर्गामागें शुल्क नव्हतें. शिवाय अशा योजनांत पुष्कळ खरेदीदारांनीं रोख न देतां वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. १८५७ च्या आर्थिक संकटानंतर त्यांतील कित्येकांची वसुली दुरापास्त झाली. गुमास्त्यांचें वेतन व प्रवासखर्च आधींच वजा झालेले होते. पुढें १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत कागदी चलनामुळें सर्व जिनसांचे भाव चढले. प्रमाणपत्रावरील हक्क मात्र जुन्या भावानेंच चालूं राहिला. तेव्हां ठिकठिकाणीं संस्थांनीं शिकवणी मोफत ठेवून खोली, सरपण, ग्रंथालय अशा निरनिराळ्या नांवांनीं आनुषंगिक शुल्क बसविलें. कांहींनीं प्रमाणपत्रें परत विकत घेतलीं; कांहींनीं धारकांस विनविलें कीं, हीं संस्थेस दान म्हणून परत करावीं. जें दान म्हणून मागावयाचें लाजेनें टाळलें, तेंच शेवटीं दान म्हणून मागावें लागलें.

या सर्व व्यवहाराची तूट कोणी भरली? आमच्या मतें खरा प्रश्न हा आहे, आणि कागदावर त्याचें उत्तर नाहीं. कागदावर खरेदीदाराचें नांव आहे, अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. ज्यानें शिकविलें त्याचें नांव नाहीं. निधि उभारावयाचा तो अध्यापकांच्या वेतनासाठीं, असें सर्वत्र सांगितलें जाई. परंतु निधीचें व्याज अपुरें पडलें तेव्हां वर्ग दुप्पट झाला व वेतन थकलें तें त्याच अध्यापकाचें. पुढें जन्मास येणाऱ्या शिक्षकांचे श्रमही त्या ‘निरंतर’ शब्दानें आगाऊ विकले गेले होते. आम्हीं सारें आयुष्य शाळेच्या फळ्यापाशीं घालविलें आहे. उदारतेचें श्रेय एकाच्या नांवें आणि खर्च दुसऱ्याच्या नांवें, हा जमाखर्च आम्हांस अपरिचित नाहीं. म्हणूनच या कागदांचें कौतुक आम्हांस मोजूनच करतां येतें.

तथापि निकाल देतांना दुसरी बाजू झांकूं नये. ओबर्लिन ही संस्था १८३५ पासून कृष्णवर्णीयांस प्रवेश देत होती, आणि १८४१ मध्यें तिनें तीन स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें पदवी दिली होती. अशा संस्थेचीं दारें एका वर्षांत शेंकडों नव्या विद्यार्थ्यांस उघडलीं, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहींत मावत नाहीं. त्या काळच्या महाविद्यालयांची अवस्थाही नाजूक होती. टयूक्सबरी यानें १९३२ सालीं १६ संस्थानांतील गणना करून यादवी युद्धापूर्वीं स्थापन झालेल्या ५१६ महाविद्यालयांपैकीं १०४ च टिकलीं, असें दाखविलें. कॉलिन बर्क यानें १९८२ मध्यें या आंकड्यांवर आक्षेप घेऊन मृत ठरविलेल्यांपैकीं पुष्कळ संस्था वस्तुतः महाविद्यालयेंच नव्हत्या, असें प्रतिपादिलें, व तो आक्षेप विचारार्ह आहे. तरीही संस्थेचेंच आयुष्य जेथें अनिश्चित, तेथें तिचा निरंतर हक्क विकत घेणाऱ्या शेतकऱ्याचा विश्वास लहान नव्हता. डिकिन्सन व ओबर्लिन दोन्ही संस्था टिकल्या, हें त्या विश्वासाचेंही फळ होय.

अखेरीस संग्राहकांस एक सूचना. असें प्रमाणपत्र कोणाच्या हातीं आलें तर त्यावरील चित्र व सह्या पाहून तें चौकटींत बसवूं नये. मुदत किती, एका वेळीं विद्यार्थी किती, पैसा रोख कीं चिठ्ठीनें, आणि हस्तांतरणाची मुभा कोणत्या शब्दांनीं दिली आहे, हें आधीं टिपावें. मग कागद उलटा करून पाठीवरचें बेचन वाचावें. पाठ कोरी असेल तर तो हक्क बहुधा निजून राहिला व संस्थेस तारता झाला. पाठीवर नांवामागून नांव असेल तर त्याच्या आधारें एकामागून एक मुलें शिकून गेलीं असें समजावें. पहिला कागद खजिनदारास सुखावणारा, दुसरा अध्यापकास दमविणारा. परंतु विद्येचा इतिहास लिहावयाचा असेल, तर आम्हीं दुसराच कागद जपून ठेविला असता.