टायमर नोट्समध्ये आला, नोंद मात्र बाहेरच राहिली

संशोधनाची तयारी करणाऱ्यांमध्ये नोशनची तयार टेम्प्लेट्स चांगलीच लोकप्रिय आहेत. वर पोमोडोरो टायमर, खाली वाचायच्या पेपरांची यादी, बाजूला आजची कामं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. दिसायला झकास! पण संशोधनाला त्याचा उपयोग किती, हे जरा तपासून पाहू.

ही पद्धत फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर बसवली. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. आपल्याला हे माप तसं नवीन नाही. आपली घटका २४ मिनिटांची. तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात बुडालं की घटका भरली. पण सिरिलोंच्या पद्धतीत घड्याळ हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा कागदावर होतो: कामाला किती टोमॅटो लागतील याचा आधी अंदाज, मध्ये लक्ष उडालं तर खूण, आणि शेवटी अंदाज व प्रत्यक्ष यांचा ताळा.

टेम्प्लेटमधून नेमका हाच अर्धा भाग गळतो. तिथला टायमर बहुतेक वेळा दुसऱ्याच वेबसाइटचा असतो, पानात फक्त एम्बेड केलेला. पानावर तुम्ही काय लिहिताय हे त्याला कळत नाही, आणि तो स्वतः पानात काही नोंदवत नाही. ऑब्सिडियन इथे एक पाऊल पुढे आहे. त्याची काही प्लगइन्स सुरुवात आणि शेवटची वेळ थेट रोजच्या नोंदीत लिहितात. फाइल्स आपल्याच कॉम्प्युटरवर असल्याने नेट गेलं तरी काम अडत नाही. तरीही नोंद होते ती 'किती वेळ'ची. 'काय हाती लागलं' हा रकाना रिकामाच.

हा फरक क्षुल्लक नाही. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर घ्या, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ. अशा ठिकाणी ठरावीक जागी उभं राहून पक्षी मोजताना प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ देतात, कारण त्याशिवाय दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. तिथे वेळ हा मोजमापाचा भाग आहे. वाचन-लेखनात तसं नसतं. कालचे आठ टोमॅटो संदर्भांची यादी नीट करण्यात गेले, आजचे आठ एका सिद्धतेत अडकले; दोन्हींचा आकडा आठच. त्यांची तुलना करून 'आज कालइतकंच काम झालं' म्हणणं, हे मोजमाप म्हणूनच चुकीचं.

मग टायमर फेकून द्यायचा का? अजिबात नाही. डेटा भरणं, संदर्भ तपासणं, टाळत आलेला परिच्छेद एकदाचा सुरू करणं, अशा कामांना २५ मिनिटं उत्तम. पण कोडमधली चूक हाताशी येत असताना घंटा वाजली, तर घंटेचं ऐकू नका. आणि प्रयोगशाळेत तर इन्क्युबेशनला जितका वेळ लागतो तितका लागतोच. तिथे टोमॅटोला कोण विचारतो!

माझं मत असं: टायमर टेबलावर किंवा मोबाइलवर ठेवा, वर्कस्पेसमध्ये नोंद ठेवा. चार रकाने पुरतात: प्रश्न, अंदाज, प्रत्यक्ष, अडलं कुठे. घंटेनंतरच्या पाच मिनिटांतलं पहिलं मिनिट शेवटच्या रकान्याला द्या. दुसऱ्या दिवशी 'काल कुठे होतो आपण?' हे शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. महिनाभराने आपले अंदाज किती चुकतात तेही दिसतं, आणि पुढच्या प्रकरणाला किती आठवडे लागतील हे गाइडना जरा भरवशाने सांगता येतं.

यूजीसीच्या २०२२च्या नियमांत मुदतवाढ सोडली तर पीएचडीला जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत. प्रगती अहवालात टोमॅटोंचा रकाना नसतो. 'काय सापडलं' आणि 'कुठे अडलंय' एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर टायमर देऊ शकत नाही.