आकडा हिरवा, पण पान गोठलेलं

पेट झाली, गाइड मिळाले, आता विषय शोधताय? फ्रंट-एंडकडे वळलात तर ‘आमच्या पद्धतीने पान इतके टक्के वेगवान झालं’ असं सांगणारे पेपर ढिगाने वाचावे लागतील. आज त्यांच्यावर टीका करायची आहे. पण सुरुवात माझ्यापासून करतो, कारण ती चूक मीही केलीय.

पहिल्या प्रगती अहवालासाठी मी एकाच पानाच्या दोन आवृत्त्या बनवल्या. एक हलकी, दुसरी जावास्क्रिप्टने जड. दोन्हींचा एफआयडी, म्हणजे फर्स्ट इनपुट डिले, मोजला. दोन्ही १०० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे ‘चांगला’. मी बिनधास्त लिहून टाकलं की जावास्क्रिप्टच्या वजनाने प्रतिसादात फरक पडत नाही. मॅडमनी त्यांचा साधा फोन पुढे केला. म्हणाल्या, "यातलं फिल्टरचं बटण तीनदा दाबून दाखव." दाबलं. जड पान प्रत्येक वेळी गोठलं. अहवाल परत आला आणि चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

आकडा खोटा नव्हता. मी तो काय मोजतो हे नीट वाचलं नव्हतं.

खानावळीचं उदाहरण घ्या. तुम्ही हाक मारली आणि वेटरने तुमच्याकडे पाहिलं. एफआयडी एवढाच वेळ मोजायचा, आणि तोही फक्त पहिल्या हाकेचा. तांत्रिक भाषेत सांगायचं तर पहिल्या क्लिकपासून ब्राउझर इव्हेंट हँडलर चालवायला घेईपर्यंतचा वेळ. हँडलर पुढे किती चालला, पडद्यावर बदल कधी दिसला, दुसऱ्या-तिसऱ्या क्लिकचं काय झालं, यातलं काहीच त्यात येत नव्हतं. माझं फिल्टर नेमकं हँडलरमध्येच अडकत होतं.

मार्च २०२४ मध्ये गूगलने कोअर वेब व्हायटल्समधून एफआयडी काढला आणि त्याजागी आयएनपी आणला : इंटरॲक्शन टू नेक्स्ट पेंट. हा भेटीतल्या सगळ्या क्लिक, टॅप आणि कळदाबांकडे बघतो आणि पडद्यावर पुढचं चित्र उमटेपर्यंतचा वेळ धरतो. साधारणपणे त्यातला सर्वात वाईट वेळ हाच पानाचा आकडा. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० च्या वर वाईट. सुधारणा मोठी आहे, वाद नाही.

पण म्हणून आयएनपीचा हिरवा आकडा डोळे झाकून प्रबंधात टाकू नका. पुन्हा खानावळीत चला. आयएनपीला टेबलावर पाण्याचा ग्लास आला तरी पुरतं, जेवण आलंच पाहिजे असं नाही. बटण दाबल्यावर ५० मिलिसेकंदांत गोल फिरणारं चक्र दाखवलं आणि सर्व्हरकडून माहिती चार सेकंदांनी आली, तरी आयएनपी उत्तमच. स्क्रोल करताना पान अडखळलं तर तेही यात येत नाही.

शिवाय हे आकडे कुठून येतात? गूगलच्या जाहीर क्रक्स डेटात क्रोम वापरणारेच असतात, त्यातही आयफोनवरचं क्रोम नाही. पानाचा दर्जा ठरतो तो भेटींच्या ७५व्या पर्सेंटाइलवर, म्हणजे चतुर्थांश भेटी त्याहून वाईट असू शकतात. तुमचा अभ्यास स्वस्त फोन वापरणाऱ्यांचा असेल, तर तुमची माणसं नेमकी त्या चतुर्थांशात दडलेली असण्याची शक्यता आहे. सरासरी चांगली म्हणून त्यांचा त्रास संपत नाही.

हे आधीही घडलंय. ऑक्टेन ही जावास्क्रिप्टची गतिचाचणी २०१२ साली आली. ब्राउझरवाल्यांनी इंजिनं तिच्यासाठी इतकी घासली, की ऑक्टेनमध्ये गुण वाढायचे पण खऱ्या पानांना त्याचा फारसा उपयोग होईना. शेवटी ज्यांनी ती बनवली त्या व्ही-एट गटानेच २०१७ मध्ये ती निवृत्त केली. नुसतं गाइड पाठ करून पेपर सोडवणारा विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिलाय. इथे इंजिनांनी तेच केलं.

म्हणून पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा निष्कर्षाआधी मोजणीची पद्धत वाचा. आकडा कुठून सुरू होतो आणि कुठे थांबतो? कोणाच्या फोनवर मोजला? आणि वापरणाऱ्याला जे हवं होतं, ते त्या वेळेत त्याला मिळालं का? पेपरात याची उत्तरं नसतील, तर कदाचित तुमचा विषय तिथेच सापडेल. माझा तसाच सापडला.

आणि हो, अहवाल देण्याआधी एकदा साध्या फोनवर बटण तीनदा दाबून बघा.