‘नमुना’ आणि माणूस

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला वैदर्भीय माणूस आजही ‘अजब बंगला’ म्हणतो. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय पाहायला यवतमाळकडील कुटुंबेही मुलाबाळांसह जात आली आहेत. अजब वस्तू पाहण्यात गैर काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो माणूसच ‘अजब’ ठरवला जातो तेव्हा.

१८६६-६७ साली जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. तेथे आदिवासींनाही आणण्यात आले आणि एका समितीने त्यांची पाहणी करून अहवाल छापला. या माणसांना अहवालाच्या शीर्षकातच ‘नमुने’ म्हटले आहे. वाचकाने थबकावे ते या एका शब्दापाशी. नमुन्याला नाव नसते. त्याच्याविषयी बोलायचे असते, त्याच्याशी नव्हे.

पुढे १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेले असल्याने यवतमाळ जिल्ह्यातील कोलामही त्यात आले. ग्रंथामागचे परिश्रम वादातीत आहेत. अभ्यासकाला तो आजही टाळता येत नाही. तथापि त्यात कोलाम जमात दिसते, कोलाम माणूस भेटत नाही. हिरालाल तर एतद्देशीय होते. म्हणजे हा दोष केवळ गोऱ्या साहेबाचा नव्हे. पाहणारा वर आणि पाहिला जाणारा खाली, या मांडणीचा आहे. याउलट, मरे एमेनो यांनी १९५५ साली कोलामी भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणाऱ्यापुढे शिष्य होऊन बसल्यावाचून कोणालाही त्याच्या भाषेचे व्याकरण लिहिता येत नाही.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न चुकलेला नाही. १९२५ च्या पवित्र वर्षात पोप पायस अकरावे यांनी व्हॅटिकनमध्ये मिशन प्रदर्शन भरवले आणि त्यासाठी देशोदेशींहून वस्तू आल्या. त्या प्रदर्शनाशी निगडित संग्रहातील ६२ वस्तू नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी कॅनडाच्या बिशपांच्या स्वाधीन केल्या, त्या तेथील मूळ समाजांकडे पोचाव्यात म्हणून. वस्तू अशा परत करता येतात. नजर मात्र ज्याची त्यानेच बदलावी लागते.

म्हणून मिशनच्या पत्रकावर आदिवासी बालकाचे चित्र छापताना त्याच्या आईवडिलांना विचारले होते का, हे आपण स्वतःला विचारावे. पाहुण्यांच्या स्वागतासाठी नाचलेले कोलाम आणि गोंड तरुण कार्यक्रम संपल्यावर कोणत्या पंक्तीला जेवायला बसतात, तेही पाहावे.