‘देऊळ’ : ग्रामकारभाराच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी चित्रपटाने गावातील सत्तेचे चित्रण वारंवार केले आहे. गावाच्या कारभाराचे चित्रण मात्र त्या मानाने फार थोडे झाले आहे. सत्ता म्हणजे माणसे, त्यांचा धाक, त्यांचे आकर्षण, त्यांची परस्परांतील चढाओढ. कारभार म्हणजे सभा, ठराव, अंदाजपत्रक, मंजुरी आणि वसुली. पहिल्या गोष्टीत नाट्य आयतेच असते, दुसरीत ते शोधावे लागते. त्यामुळे १९७५ साली आलेल्या ‘सामना’मध्ये (दिग्दर्शन जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर) सहकारी साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या हिंदुराव धोंडे पाटलांची सत्ता प्रेक्षकाच्या अंगावर येते, परंतु ती सत्ता कोणत्या समितीतून आणि कोणत्या मतदानातून दर वर्षी नव्याने मिळवली जाते, हा प्रश्न मागेच राहतो. २००८ सालच्या ‘वळू’मध्ये एका मोकाट बैलाच्या निमित्ताने सरपंच आणि त्यांचे विरोधक यांची स्पर्धा रंगते. याच दिग्दर्शक-लेखक जोडीचा, म्हणजे उमेश विनायक कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ ४ नोव्हेंबर २०११ रोजी प्रदर्शित झाला. एकोणसाठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार ‘ब्यारी’ या चित्रपटासोबत विभागून मिळाला. अभिनय आणि संवाद यांसाठी गिरीश कुलकर्णी यांचा गौरव झाला.

‘देऊळ’वर जे लिहिले गेले ते बहुतांशी ‘श्रद्धेचे बाजारीकरण’ या सूत्राभोवती फिरते. ते सूत्र चुकीचे नाही. परंतु या चित्रपटाच्या कथानकाचा कणा एका सार्वजनिक निर्णयाचा आहे: गावात रुग्णालय व्हावे की देऊळ? हा निर्णय मूलतः स्थानिक स्वराज्याचा आहे. तो चित्रपटाने कसा हाताळला, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रुग्णालय आणि देऊळ

मंगरूळ या गावातील केश्या हा भाऊराव गलांडे यांची गाय सांभाळणारा साधा तरुण. हरवलेली करडी गाय शोधता शोधता तो माळावरच्या झाडाखाली झोपी जातो आणि तेथे त्याला दत्ताचा साक्षात्कार होतो. गावातील ज्येष्ठ आणि आदरणीय अण्णा कुलकर्णी त्याला समजावतात की हा अनुभव त्याचा स्वतःचा आहे, त्याचा गवगवा करू नये. गवगवा होतोच. गावातील रिकामी तरुण मंडळी आणि वार्ताहर मिळून देवळाची मागणी उभी करतात. अण्णांनी आखलेली रुग्णालयाची योजना ज्यांच्या पाठबळावर उभी होती, ते भाऊ वाऱ्याची दिशा ओळखून देवळाच्या बाजूला जातात. देऊळ होते, दुकाने लागतात, गावात पैसा खेळू लागतो. रुग्णालय मागे पडते.

नाना पाटेकर यांनी उभा केलेला भाऊ ही या चित्रपटाची मोठी कमाई आहे. हिंदुराव हुकूम सोडतो. भाऊ लोकांच्या मागून चालतो आणि पुढे चालल्यासारखा दिसतो. रुग्णालय अधिक उपयोगाचे आहे हे त्याला कळत नाही असे नाही. नेतृत्वाच्या स्वरूपात पस्तीस-छत्तीस वर्षांत पडलेला हा फरक अत्यंत सूक्ष्मपणे टिपला गेला आहे. या बाबतीत ‘देऊळ’ हा ‘सामना’च्या पुढचा टप्पा मानावा लागेल.

तथापि, येथेच प्रश्न उपस्थित होतो. चित्रपटाच्या मांडणीनुसार रुग्णालय हरते आणि देऊळ जिंकते, याचे कारण मोह होय. भाऊंचा राजकीय मोह, तरुणांचा प्रसिद्धीचा मोह, गावकऱ्यांचा पैशाचा मोह. प्रत्यक्ष व्यवस्था पाहिली असता असे दिसते की ही स्पर्धा मुळातच समान पातळीवरची नव्हती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय आहेत आणि त्यांत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र हा जिल्हा परिषदेचा विषय आहे, तर ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या आरोग्य विभागाचे. मैदानी भागात सुमारे ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. मंगरूळसारख्या छोट्या गावाने एकमुखाने ठराव केला असता तरी त्या ठरावाचे पुढे एका प्रस्तावात रूपांतर झाले असते, तो तालुक्याला, तेथून जिल्ह्याला आणि तेथून मंत्रालयात गेला असता. इमारतीनंतर पदनिर्मिती, पदनिर्मितीनंतर डॉक्टरची नेमणूक. इमारत आहे, डॉक्टर नाही, ही स्थिती महाराष्ट्रातील ग्रामीण वाचकास नवीन नाही.

देवळाला यांपैकी काहीही लागत नाही. चार विश्वस्त, एक पावतीपुस्तक आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदणी एवढे पुरते. पुष्कळदा नोंदणी देऊळ उभे राहिल्यानंतर होते. देणगी रोख येते आणि गावातच राहते. तिचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावयाचा असतो, ग्रामसभेला नव्हे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पंचायत हवी ती पंचायतीच्या हातात नाही आणि जी गोष्ट हातात आहे तिला पंचायतीची फारशी गरज नाही. मंगरूळचे लोक लोभी असतील; परंतु निर्लोभी गावालाही देऊळ बांधणे रुग्णालय उभारण्यापेक्षा कितीतरी सोपे गेले असते. चित्रपटाने या असमतोलाकडे लक्ष दिले असते तर भाऊचे वळण अधिक क्लेशदायक झाले असते, कारण मग ते केवळ भाऊचे राहिले नसते.

अण्णा, भाऊ आणि ग्रामसभा

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पुढे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) नुसार गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र पुन्हा गणपूर्तीची अट नाही, आणि पुष्कळ गावांचा कारभार या पळवाटेतूनच चालतो. विनोदी लेखकाला याहून चांगली सामग्री क्वचितच मिळेल! ‘देऊळ’मध्ये मात्र ग्रामसभा ही निर्णय जेथे खरोखर घडतो वा बिघडतो अशी जागा म्हणून उभी राहत नाही. निर्णयाचे सारे वजन भाऊंच्या भोवती साठलेले आहे.

यात भाऊंचा दोष आहेच. पण अण्णांचे काय? दिलीप प्रभावळकर यांनी अत्यंत संयमाने साकारलेले अण्णा हे चित्रपटाचे नैतिक केंद्र मानले जाते. ते विचारी आहेत, निःस्वार्थी आहेत. परंतु त्यांची सारी भिस्त एका माणसाचे मन वळविण्यावर आहे. रुग्णालयाची योजना ते भाऊंच्या गळी उतरवतात, आणि भाऊ फिरल्यावर ते भाऊंशीच वाद घालतात. गावातील बाळंतिणी, म्हातारी माणसे, सर्पदंशाने दगावलेल्यांचे नातेवाईक यांना एकत्र करून सभेत उभे करावे, देवळाच्या मागणीसमोर दुसरी मागणी ठेवावी, असे त्यांना सुचत नाही. अखेरीस ते गाव सोडतात. चित्रपट या जाण्याकडे करुणेने पाहतो. ते निर्गमन म्हणजे सुशिक्षिताने स्थानिक राजकारणातून घेतलेली माघार आहे, असा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. भाऊ म्हणजे सत्ता, गर्दी म्हणजे लोक आणि अण्णा म्हणजे विवेक, अशी ही विभागणी आहे. गर्दी म्हणजेच लोक, हे भाऊंचे गृहीतक दिग्दर्शकानेही नकळत मान्य केले आहे. हिवरेबाजारसारख्या गावात कूपनलिकांच्या पाण्यावर शेती करू नये असा बहुतेकांच्या तात्कालिक हिताविरुद्धचा निर्णय ग्रामसभेने घेतला आणि टिकविला. तेथेही नेतृत्व खंबीर होते हे खरे. परंतु तेच लोक गर्दीत वेगळे वागतात आणि सभेत वेगळे, एवढे तरी त्यावरून दिसते.

सरपंचपदी स्त्री

मंगरूळची सरपंच स्त्री आहे आणि आतिशा नाईक यांनी ही भूमिका चांगली वठविली आहे. परंतु पटकथेत तिचे स्थान विनोदापुरते आहे. पद तिचे, शब्द भाऊंचा. चित्रपट आला त्याच २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांमधील महिलांचे आरक्षण एकतृतीयांशावरून निम्म्यावर नेले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. नामधारी सरपंचबाई हे वास्तव होते व आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे सर्व सदस्य महिला असलेली पंचायत निवडून आली होती. सरपंचबाईला कारभार समजू लागतो, ती ग्रामसेवकाला दप्तर मागते आणि तेथून घरात व गावात ताण सुरू होतो, ही कथा मराठी पडद्यावर अजून पुरेशी आलेली नाही.

मंगरूळ मोठे झाल्यानंतर

देवळानंतरच्या मंगरूळकडे चित्रपट उपहासाने पाहतो आणि तो उपहास मनोरंजक आहे. परंतु हजारो भाविक रोज आले की पाणी कोठून आणावयाचे, शौचालये किती लागतील, सांडपाणी कोठे सोडावयाचे, हे प्रश्न दुसऱ्याच दिवशी पंचायतीच्या दारात येतात. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. आळंदीला एकोणिसाव्या शतकापासून नगरपालिका आहे. स्थानिक रहिवाशांच्या करावर उभ्या असलेल्या या लहान नगरपरिषदेला कार्तिकी यात्रेत लाखोंची व्यवस्था पाहावी लागते, आणि इंद्रायणीच्या पात्रातील फेस ज्या वरच्या वस्त्यांतून व कारखान्यांतून येतो त्यांच्यावर तिचा काहीही अधिकार नाही. शेजारचे देहू ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झाले. तिच्या पहिल्या निवडणुकीचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला.

गावाची नगरपंचायत होताच ग्रामसभा संपते, ही बाब अभ्यासकांच्याही लक्षातून सुटते. शहरांसाठीच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समिती सक्तीची केली ती ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या ठिकाणीच. म्हणजे छोट्या नगराच्या रहिवाशाला ग्रामसभाही नाही आणि घटनेने सक्तीची केलेली प्रभाग समितीही नाही. मोठ्या शहरात विलीन झालेल्या गावाची अवस्था फारशी वेगळी नाही. पवनेकाठचे पिंपळे गुरव हे कधीकाळी हवेली तालुक्यातील गाव. देवळाची सेवा करणारा गुरव गावगाड्यात कोठे बसत होता याची खूण गावाच्या नावातच आहे. देऊळ, त्याचा सेवेकरी आणि गावाची व्यवस्था त्या रचनेत एकमेकांना बांधलेली होती. आज ते महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागाचा भाग आहे. गावकी जत्रेपुरती जमते. रस्ता, पाणी, गुंठेवारीतील घरे आणि शास्तीकर यांबाबत रहिवाशांनी एकत्र बसून जाब विचारावा अशी जागा उरलेली नाही.

या पार्श्वभूमीवर अलीकडील एका घटनाक्रमाचा उल्लेख आवश्यक ठरतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या आणि जानेवारी २०२६ पर्यंत मतदान झाले नाही. चाकण, आळंदी, राजगुरुनगर या नगरपरिषदांनाही डिसेंबर २०२५ पर्यंत थांबावे लागले. राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याची स्पष्ट तरतूद असताना, इतकी वर्षे प्रशासकांनी अंदाजपत्रके मंजूर केली, कर लावले, आणि सुशिक्षित वर्गातून मोठा विरोध झाला नाही. ‘नगरसेवक नाहीत तर कामे तरी होतात’ अशी भावना सर्रास व्यक्त होत होती. एखाद्या चित्रपटाला याबद्दल जबाबदार धरणे हास्यास्पद होईल. परंतु बेरकी पुढारी, भोळी जनता आणि हताश सज्जन हे त्रिकूट ‘सामना’पासून ‘देऊळ’पर्यंत इतक्या प्रभावीपणे रंगविले गेले आहे की लोकनियुक्त संस्था म्हटले की भाऊच डोळ्यांसमोर येतो, आणि भाऊ नसला तर बरेच, असे वाटू लागते. भाऊ गेल्यावर त्याच्या जागी कोण बसते आणि त्याला कोण विचारणार, हा प्रश्न या चित्रपटांच्या कक्षेबाहेर राहिला.

चित्रपटाचा शेवट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. बाजार झालेले देऊळ असह्य होऊन केश्या रात्री मूर्ती उचलतो आणि नदीत सोडतो. कृती एकट्याची आहे, रात्रीची आहे आणि गावाला न सांगता केलेली आहे. सकाळी गाव हादरते. पुढे नवी मूर्ती आणली जाते आणि तिची स्थापना पूर्वीपेक्षाही थाटाने होते. ती मूर्ती आणण्याचे कोणी ठरविले, कोणत्या सभेत आणि कोणाच्या पैशाने, याची नोंद मंगरूळच्या ठराववहीत शोधावी लागेल. ती वही चित्रपटात कोणी उघडलेली नाही.